आठ महिने माती, हिरडा आणि पुठ्ठा: आर्ट्स अँड क्राफ्ट्सच्या पार्ट-टाइम कोर्सचा अनुभव

मुंबईतल्या एका कॉलेजात शनिवार-रविवार चालणाऱ्या आर्ट्स अँड क्राफ्ट्सच्या वर्षभराच्या सर्टिफिकेट कोर्सला मी गेल्या जूनमध्ये प्रवेश घेतला. कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही. खाली तक्रारी आहेत आणि मला अजून चार महिने तिथेच जायचंय. वय ४३, नोकरी अकाउंट्समध्ये, घर लालबागला. शाळेत चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ए ग्रेड होती, त्यामुळे आपला हात बरा आहे असा एक समज इतकी वर्षं जपून ठेवलेला.

सगळे पहिला प्रश्न विचारतात, 'काय काय बनवायला शिकवतात?' सरळ हिशोब सांगते. घरी आणण्यासारख्या वस्तू आठ महिन्यांत नऊ. त्यातल्या दोन गळतात. वस्तूंसाठी जायचं असेल तर प्रदर्शनातून विकत घ्या, स्वस्त पडेल. इथे शिकवतात ते माती, कापड आणि कागद कुठे अडून बसतात ते.

पहिले तीन शनिवार फक्त माती मळली. कणीक मळायची सवय असलेल्या बाईला हा अपमानच वाटतो. पण सर तारेने गोळा मधोमध कापायचे आणि कापलेल्या भागावर टाचणीएवढं छिद्र दिसलं तरी म्हणायचे, 'परत.' मग चाक. फिरणाऱ्या चाकावर गोळा बरोबर मध्यावर बसवणं हे ऐकायला काहीच नाही. मला पाच आठवडे लागले. कोपर मांडीत रुतवून हात हलू द्यायचा नाही, माती हलते आणि आपण नाही, एवढंच ते. मधे आम्हाला धारावीच्या कुंभारवाड्यात नेलं. सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांची ही वस्ती. तिथल्या एका काकांनी बोलता बोलता, आमच्याकडे बघत, गोळा मध्यावर आणला. आमच्यातला एकोणीस वर्षांचा मुलगा मला हळूच म्हणाला, 'ताई, फी परत मागूया का?'

जुलैत माझी फुलदाणी भट्टीत फुटली आणि शेजारच्या मुलीच्या वाडग्याचा काठ घेऊन गेली. मातीत हवेचा बुडबुडा राहिला की भांडं फुटतं, असं सगळे सांगतात. खरा गुन्हेगार बहुतेक वेळा ओलावा. माती वरून वाळलेली दिसते, आत पाणी असतं, ते १०० अंशांना वाफ होऊन बाहेर पडायला वाट शोधतं. मुंबईच्या पावसाळ्यात आठवडाभर ठेवूनही जाड बुडाचं भांडं वाळत नाही. लॅबमधल्या मामांनी मग युक्ती दाखवली: भांडं गालाला लावायचं. गार लागलं तर अजून ओल आहे. तेव्हापासून आम्ही दहा-बारा जण भट्टी लावायच्या दिवशी मडक्यांना गाल लावून उभे असतो. बाहेरून बघणाऱ्याला काय वाटत असेल देव जाणे.

चहाच्या मगाची गोष्ट माझ्यातल्या अकाउंटंटसाठी. घरच्या चहाच्या मगाइतकाच, २५० मिलिलीटरचा मग चाकावर केला. वाळून, एकदा भाजून, ग्लेझ (काचेसारखा चकचकीत लेप) लावून पुन्हा भाजून हातात आला तो जेमतेम १७० चा. आमची माती शेवटपर्यंत १२ टक्के आकसते, हे फळ्यावर लिहिलेलं होतं आणि माझ्या वहीतही होतं. पण ते १२ टक्के उंचीत, लांबीत आणि रुंदीत, तिन्हीकडून. म्हणजे आत मावणारा चहा जवळजवळ एक तृतीयांश कमी. आयुष्य टक्केवारीत काढलं आणि मातीने फसवलं! आता त्यात कटिंग पिते.

कापडाचा भाग मला सगळ्यात आवडला. मंगलदास मार्केटमधून मांजरपाट आणायचं, रात्रभर भिजवून, सोडा घालून उकळून त्याची खळ काढायची. मी पहिल्यांदा आळस केला, रंग धब्ब्याधब्ब्याने चढला. मग हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवायचं. कापड फिकट पिवळं होतं. त्यावर लोखंडाच्या पाण्याने ठसा मारला की डोळ्यांदेखत काळा. तुरटीचा ठसा मारला तर जवळपास काहीच दिसत नाही, म्हणून वाटतं चुकलं. पण तेच कापड मंजिष्ठा या मुळीच्या पाण्यात उकळताना तुरटी लागली होती नेमकी तिथेच नक्षी लाल होऊन वर येते. पातेल्यात काठीने कापड उचललं आणि ते लाल दिसलं तेव्हा मी ओरडलेच. लोखंडाचं पाणी घरीच केलं: गंजके खिळे, गूळ, पाणी, तीन आठवडे गॅलरीत. शेजारच्या काकूंनी विचारलं, 'लोणचं का गं?' झाकण उघडल्यावर पुन्हा कधी विचारलं नाही.

बाइंडिंगला मी हुशार समजत होते स्वतःला, कारण माझे सासरे, आबा, गिरगावात छापखान्यात होते. फर्मा (घडी घातलेल्या पानांचा गठ्ठा), जुजबंदी (ते गठ्ठे शिवून जोडणं) हे शब्द घरात ऐकलेले. चिकटवायची खळ शिजवली, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घातलं (विषारी आहे, स्वयंपाकाचं भांडं घेऊ नका), डायरी शिवली, कव्हर चिकटवून वजनाखाली ठेवली. सकाळी कव्हर केळ्यासारखं वाकलेलं. आबांनी चष्मा न लावताच सांगितलं, 'पुठ्ठा आडवा कापलायस. ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, पाठीला धरून उभं हवं.' मग एक पुठ्ठा घेऊन आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने अलगद वाकवून माझ्या हातात दिला. एकीकडून तो सहज वाकतो, दुसरीकडून हट्ट करतो. हे सरांनीही सांगितलं होतं. पण आबा निवृत्तीनंतर पहिल्यांदाच इतका वेळ बोलत होते, त्यामुळे डायरी वाया गेल्याचं मी फार मनावर घेतलं नाही.

थिअरीचे तास कंटाळवाणे: अंधार, स्लाइड, डुलक्या. अपवाद दोन. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात जे. जे. स्कूलमधली जुनी मातीची भांडी बघितली. आणि एकदा कळलं की १८५७ साली सुरू झालेल्या त्या जे. जे.मध्ये शिकवणाऱ्या लॉकवूड किपलिंगनेच क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शेतकऱ्यांची शिल्पं केली. लिनो (ठसे कोरायचा पत्रा) आणि फेविकॉल आणायला मी त्याच दाराखालून जात होते, मान एकदाही वर केली नव्हती.

आता तक्रारी. भट्टी महिन्यातून एकदाच लागते आणि ऑक्टोबरमध्ये कॉइल जळाली तेव्हा सात आठवडे बंद होती. त्याबद्दल नोटीस नाही, मेल नाही. साहित्याची फी वेगळी घेतात, हे प्रवेशानंतर कळलं. ग्लेझचे डबे मात्र अर्धे रिकामे. चाकं सहा आणि विद्यार्थी बावीस. बेसिनमध्ये माती अडकून पाणी तुंबतं, ते काढायचं काम मामांच्याच गळ्यात. आणि माहितीपत्रकात 'करिअरच्या संधी' असं मोठ्या अक्षरात लिहिलंय, त्यावर जाऊ नका. शाळेत चित्रकला शिक्षक व्हायचं असेल तर एटीडी (आर्ट टीचर डिप्लोमा) करावं लागतं, बीएफए या कलेच्या पदवीसाठी सीईटी ही प्रवेश परीक्षा आहे. हा कागद त्या दोन्हींच्या जागी चालत नाही. आमच्या बॅचमधल्या दोन मुलींना हे दिवाळीत समजलं आणि एकीने सोडून दिलं.

तरी मी पैसे वाया गेले म्हणणार नाही. प्रवेश घ्यायचा असेल तर शनिवारी दुपारी जाऊन आधी भट्टी बघून या, आणि शेवटची कधी लावली होती ते ऑफिसात नाही, मामांना विचारा. नखं कापून जा.