पोस्टपेड जोडणीचे नऊ महिने आणि कोणीही न मागितलेला खेळांचा पॅक

गोव्यात माशेलला राहणाऱ्या वडिलांसाठी मी जानेवारीत ४४९ रुपयांची पोस्टपेड जोडणी घेतली, त्याला आता नऊ महिने झाले. प्रीपेड रिचार्ज संपल्याचे बाबांच्या लक्षात येत नसे आणि फोन बंद लागला की मला फोंड्याहून शेजाऱ्यांकडे चौकशी करावी लागे, एवढेच त्यामागचे कारण. नेटवर्कविषयी विशेष तक्रार नाही. घरात आवाज स्पष्ट येतो, मागच्या कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, उतरले की रेंज जाते. वस्तू व सेवा कर धरून महिन्याचे बिल ५२९ रुपये ८२ पैसे होते आणि जूनपर्यंत ते एका पैशानेही बदलले नाही.

जुलैचे बिल ६४५.४६ रुपये आले. पैसे खात्यातून आपोआप वळते होत असल्यामुळे ते माझ्या नजरेतून निसटले, आणि ही चूक माझीच होती. ऑगस्टचे बिल ७६१.१० रुपयांचे आले, तेव्हा मी पहिल्यांदाच संपूर्ण बिल उघडून शेवटच्या पानापर्यंत वाचले. कॉल आणि डेटाच्या तपशिलाखाली, मूल्यवर्धित सेवा या शीर्षकाखाली, खेळांच्या एका साप्ताहिक पॅकचे नाव चार वेळा छापलेले होते आणि प्रत्येक ओळीसमोर ४९ रुपये होते. कर धरून ते ५७.८२ होतात. जुलैच्या बिलात त्याच दोन ओळी सापडल्या. पहिली २८ जूनची. पत्त्यांपलीकडे कोणताही खेळ न खेळलेल्या माणसाच्या नावावर हा पॅक कसा आला, हे मला कळेना.

उत्तर बाबांच्या रोजनिशीत मिळाले. निवृत्त शिक्षकाच्या सवयीप्रमाणे ते पाऊस, पाहुणे आणि वीज यांची नोंद रोज करतात. २८ जूनच्या पानावर ‘दुपारी तीनपासून वीज नाही’ असे लिहिलेले होते. वीज गेली की राउटर बंद पडतो, राउटर बंद पडला की फोन आपसूक मोबाइल डेटावर जातो, आणि फरक नेमका तिथेच पडतो. वायफायवरून एखादे संकेतस्थळ उघडले तर समोरच्याला आपला मोबाइल क्रमांक कळत नाही. मोबाइल डेटावर मात्र सगळी वाहतूक कंपनीच्याच जाळ्यातून जात असल्यामुळे ग्राहक कोण हे कंपनीला ठाऊक असते आणि ओटीपी किंवा कार्ड न मागता ती रक्कम बिलात चढवता येते. बाबा पंचांगाचे एक फुकट संकेतस्थळ पाहत होते. मध्येच पूर्ण पडदाभर जाहिरात आली आणि ती घालवण्यासाठी त्यांनी जे हिरवे बटण दाबले, ते ‘पुढे’ असे होते. ‘तेच एक बटण मोठे होते, दुसरे मला दिसलेच नाही,’ असे ते म्हणाले.

सेवा बंद करणे सोपे गेले. १५५२२३ हा क्रमांक सर्व कंपन्यांसाठी सामाईक आणि निःशुल्क आहे. बाबांच्याच फोनवरून तो लावला, चालू असलेल्या सेवेचे नाव ऐकले, ती बंद करायला सांगितली आणि तसा संदेशही आला. तोवर ९ ऑगस्टचा सातवा हप्ता लागून गेला होता.

पैसे परत मिळवणे हे निराळेच काम ठरले. १९८ वर तक्रार केली आणि तक्रार क्रमांक मागून घेतला. पलीकडच्या मुलीने अतिशय गोड शब्दांत ‘सद्भावना म्हणून’ शेवटच्या एका हप्त्याचे पैसे परत देण्याची तयारी दाखवली. ते घेतले असते तर उरलेले सहा हप्ते मान्य केल्यासारखे झाले असते, म्हणून मी नको म्हटले. चार दिवसांनी ‘ग्राहकाच्या संमतीने सेवा सुरू झाली’ असे एका वाक्याचे उत्तर आले.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, १० जुलै २०१३ च्या निर्देशानुसार अशी सेवा सुरू करण्यापूर्वी ग्राहकाची संमती दोनदा घ्यावी लागते. म्हणून मी त्या दोन्ही संमतींची वेळेसह नोंद लेखी मागितली. ती मिळाली, आणि दोन संमतींमध्ये चार सेकंदांचे अंतर होते. चष्मा शोधून एक ओळ वाचायला बाबांना याहून जास्त वेळ लागतो. ट्राय वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही, त्यामुळे पुढची पायरी कंपनीचेच अपील प्राधिकरण होती. त्यासाठी शुल्क नाही. गणेश चवथीच्या आदल्या आठवड्यात, माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळा-पानांच्या आराशीचे, सामान आणायच्या गडबडीत, मी दोन पानी अपील लिहिले आणि सोबत दोन्ही बिले, संमतीची नोंद व तक्रार क्रमांक जोडला. दूरसंचार कंपनीविरुद्धची तक्रार ग्राहक आयोगापुढे चालू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी स्पष्ट केले आहे, याचाही उल्लेख केला. त्या ओळीमुळे किती फरक पडला हे कंपनीच जाणे, परंतु ऑक्टोबरच्या बिलात सातही हप्त्यांचे ४०४.७४ रुपये वजा होऊन आले. दिलगिरीचा शब्द कुठेही नव्हता.

जोडणी मी बदललेली नाही, कारण माशेलच्या घरात इतर कंपन्यांची रेंज याहून वाईट आहे. मात्र पाचपैकी तीनच तारे देतो. कॉलची गुणवत्ता आणि बिलाचा तपशील चांगला आहे. पण पॅक सुरू करायला दोन स्पर्श पुरतात आणि त्याचे पैसे परत मागायला जवळजवळ दोन महिने लागतात, हे प्रमाण मला मान्य नाही. पोस्टपेड असल्यामुळे निदान ओळी छापून आल्या. प्रीपेडवाल्यांनाही मागील सहा महिन्यांपर्यंतचा तपशील ५० रुपयांपेक्षा जास्त न देता मागता येतो, हे फार थोड्यांना माहीत असते.

आपोआप पैसे भरण्याच्या परवानगीची कमाल मर्यादा मी आता ६०० रुपयांवर आणून ठेवली आहे, म्हणजे जादा ओळी चढून बिल त्यापलीकडे गेले तर रक्कम वळतीच होणार नाही. वीज गेली की बाबा स्वतःच मोबाइल डेटा बंद करतात आणि रोजनिशीत तेही लिहितात.