यशिका मॅट-१२४जी आणि एचपी५ प्लस: आठ महिने, चौदा रोल आणि माझे फोटोग्राफर मित्र

मागच्या वर्षी आमच्या एका मित्राच्या तेरवीला गेलो होतो. चाळीस वर्षं त्यानं अख्ख्या तालुक्याची लग्नं काढली, आणि हार घातलेला फोटो होता त्याच्या लायसनवरचा, मोठा करून फाटलेला. परत येताना गाडीतच ठरवलं की उरलेल्या सात जणांचे फोटो मी काढीन, आणि ब्लॅक अँड व्हाइट रोलवरच काढीन. आम्ही सगळे धंदा त्यावरच शिकलो. हिंगणघाट, वणी, वरोरा, राळेगाव, पांढरकवडा. सगळे साठी ओलांडलेले. यशिका मॅट-१२४जी हा कॅमेरा आणि एचपी५ प्लस ही फिल्म नोव्हेंबर ते जून वापरून झाल्यावर आता लिहितोय.

कॅमेरा दोन लेन्सचा, १९७० ते १९८६ या काळात बनलेलं मॉडेल. १२० च्या रुंद रोलवर ६ बाय ६ सेंटिमीटरच्या बारा फ्रेम. माझा एका बंद पडलेल्या स्टुडिओतून घेतलेला आहे. मागच्या दाराचा फोम वयानं विरघळून चिकट झाला होता, तो बदलला. उजेड मोजायचा मीटर पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या सेलवर चालायचा. तो सेल आता बनत नाही आणि १.५ व्होल्टचा घातला की रीडिंग चुकतं. म्हणून मोबाइलवर मीटरचं ॲप घेतलं.

वणीच्या भाऊंना छपरीत बसवलं आणि मोबाइल काढला, तर त्यांनी आपला पंजा चेहऱ्यासमोर उजेडात धरला, उलटासुलटा केला आणि म्हणाले, "एकशे पंचवीसले पाच पॉइंट सहा ठेव. मोबाइल कायले पायतं?" म्हणजे शटर सेकंदाचा एकशे पंचविसावा भाग, लेन्सचं तोंड ५.६ वर. ॲपनं तेच दाखवलं. त्यांच्याच डार्करूममध्ये मी १९८४ साली पहिल्यांदा हायपोत, म्हणजे फोटो पक्का करायच्या केमिकलमध्ये, हात घातला होता. त्यानंतर त्यांच्यासमोर मोबाइल काढला नाही.

या कॅमेऱ्याचा खरा फायदा मला तिसऱ्या रोलला कळला. फोटोग्राफर माणसाचा फोटो काढणं अवघड, कारण कॅमेरा डोळ्याला लागला की आता क्लिक होणार हे त्याला आतून कळतं. तो लगेच हनुवटी सावरतो, खांदा वळवतो, गिऱ्हाइकाला आयुष्यभर सांगितलेली पोझ स्वतःच देतो. यात कॅमेरा पोटाशी असतो, वरून काचेत पाहायचं. माझं तोंड मोकळं, गप्पा सुरू. शटरचा आवाजही अगदी बारीक. वरोऱ्याचा मित्र तर रोल संपल्यावर म्हणाला, "अबे, सुरू कर ना आता." बारा फ्रेम होऊन गेल्या होत्या.

काचेतलं चित्र डावं-उजवं उलटं दिसतं, त्याची सवय व्हायला दोन रोल गेले. आणखी एक मर्यादा म्हणजे फोकस एक मीटरच्या आत येत नाही, त्यामुळे नुसता चेहरा भरून घेता येत नाही. सुरुवातीला हे खटकलं. पण त्यामुळे प्रत्येक फ्रेममध्ये हात आले. राळेगावच्या मित्राचा उजवा अंगठा मांडीवर ठेवल्या ठेवल्या हलत राहतो, रोल पुढे सरकवल्यासारखा. एका फ्रेममध्ये तेवढाच अंगठा हललेला आलाय, बाकी सगळं स्थिर. माझ्या मते चौदा रोलमधली ती सगळ्यात चांगली फ्रेम आहे.

फिल्म एचपी५ प्लस, ४०० स्पीडची, इंग्लंडमध्ये बनते. आम्ही पूर्व जर्मनीच्या ओर्वोच्या रोलवर आणि उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सच्या 'इंदू' मालावर वाढलेलो, त्यामुळे तुलना होणारच. आमच्याकडच्या माणसाचा चेहरा उन्हात रापलेला आणि गळ्यात पांढरा दुपट्टा. डिजिटलवर चेहरा सांभाळला की दुपट्टा जळतो, नुसता पांढराफट्ट येतो. या फिल्मवर मी सावलीत अर्धा-एक स्टॉप उजेड जास्त दिला (एक स्टॉप म्हणजे दुप्पट), तरी दुपट्ट्याचं विणकाम दिसतं आणि डोळ्यांखालच्या सुरकुत्याही जिवंत राहतात.

आता त्रास. पहिले दोन रोल शहरातल्या एका लॅबला दिले; दोन्हींवर आडवे ओरखडे आले आणि वर "तुमच्या कॅमेऱ्याचेच असतील" हे ऐकावं लागलं. नंतरचे बाराही रोल घरी धुतले, एकावरही ओरखडा नाही. ते दोन रोल हिंगणघाटच्या मित्राचे होते. त्याला पुन्हा बसवावं लागलं, याचं अजून वाईट वाटतं.

घरी धुताना शत्रू तीन. डिसेंबरात जिनिंग सुरू असते, हवेत कापसाचे तंतू, आणि ओली निगेटिव्ह ते ओढूनच घेते. न्हाणीघरात आधी गरम पाणी सोडून वाफ करायची, धूळ बसू द्यायची, मग तिथेच निगेटिव्ह टांगून दार लावायचं. दुसरं बोअरचं पाणी: वाळल्यावर क्षाराचे पांढरे ठिपके. शेवटची धुलाई फिल्टरच्या कॅनच्या पाण्यानंच करा. आणि तिसरा उन्हाळा. डी-७६ हे डेव्हलपर एकास एक पाणी घालून घेतलं तर २० अंशाला ११ मिनिटं लागतात. नवतपात आमच्या टाकीचं पाणी हात भाजेल असं असतं, तिथे २० अंश कुठून आणणार? मी बाटल्या कूलरच्या टाकीत ठेवल्या. रात्रभर कूलर चालला की पहाटे पाणी २५-२६ पर्यंत उतरतं. मग बादलीत बर्फाचे दोन-चार खडे टाकून २४ अंश, आणि वेळ साडेसात-आठ मिनिटं. हे जमल्यावर मे महिन्यातला एकही रोल खराब झाला नाही.

वणीच्या भाऊंना त्यांची निगेटिव्ह दाखवली. आयुष्यभर त्यांनी शिसपेन्सिलीनं टचिंग केलं. सुरकुती निगेटिव्हवर पारदर्शक दिसते, ती पेन्सिलीनं भरली की प्रिंटवर पुसली जाते. त्यांनी पट्टी तिरपी करून मळकी बाजू शोधली, खिडकीशी धरली आणि कपाळावरच्या रेघांवरून नख न टेकवता बोट फिरवत नेलं. कोणती रेघ आधी भरायची तो क्रम त्यांचा ठरलेला. शेवटाला पोचल्यावर पट्टी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "याले हात लावू नको. असंच छाप."

खर्च: रोल आणि केमिकल धरून एका फ्रेमला मला जवळपास शंभर रुपये पडले. लग्नाच्या कामाला हा कॅमेरा घेऊ नका, लहान मुलांमागे धावायलाही नको. पण ज्याच्यासमोर तासभर बसून चहा पिता येतो अशा माणसासाठी मी दुसरा कॅमेरा उचलणार नाही.

सहा जण झाले. पांढरकवड्याच्या भाऊंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्यांनी बजावलंय की काळा चष्मा निघाल्याशिवाय फोटो काढू देणार नाही. दोन रोल फ्रीजमध्ये ठेवलेत.