इसबगोलाची भुशी : पोट साफ होतं, पण जिवाणू उपाशीच

साधी, बिनस्वादाची इसबगोलाची भुशी बद्धकोष्ठावर उत्तम आहे, यात वाद नाही. पण आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचं खाद्य म्हणून ती घेणार असाल तर अपेक्षा कमी ठेवा.

भुशीतला चिकट तंतू (फायबर) पाणी धरून फुगतो, आणि मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना तो फारसा फोडता येत नाही. म्हणूनच पाणी शेवटपर्यंत टिकतं, मल मऊ राहतो, गॅसही कमी होतो. जिवाणू तंतू आंबवतात तेव्हा अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही छोटी मेदाम्लं तयार होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी प्रामुख्याने ब्युटिरेटवर जगतात, आणि भुशीतून ते थोडंच मिळतं. कांदा-लसणातलं इन्युलिन, मटकी, चवळी, हरभरे, शिजवून गार केलेल्या भातातला न पचणारा स्टार्च हे जिवाणूंचं खरं खाणं.

मोठा सपाट चमचाभर भुशी म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, त्यात तंतू ४ ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना अन्नातूनच दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू घ्यायला सांगते. तेव्हा भुशी ही फक्त जोड.

अर्ध्या चमच्याने सुरुवात करा. २५० मिली पाण्यात ढवळून लगेच प्या, वर आणखी पाणी घ्या. दहा मिनिटं ठेवलीत तर गिळवणार नाही असा गोळा होतो. कोरडी किंवा कमी पाण्यात घेतली तर ती घशात किंवा अन्ननलिकेत अडकू शकते, आणि हा धोका अजिबात हलका समजू नये. गिळायला त्रास असेल किंवा आतड्यात अडथळा असेल तर घेऊच नका. भुशी आणि इतर औषधांमध्ये दोन तासांचं अंतर ठेवा, कारण भुशी फुगून होणारा चिकट जेल औषधही धरून ठेवतो.

माल पाहताना फिकट, किंचित गुलाबीसर पापुद्रे शोधा. काळे-तांबूस कण म्हणजे बियांचे तुकडे. ग्लासाच्या तळाशी रेती बसली तर पाकीट परत करा. संत्र्याच्या वगैरे स्वादाच्या पुड्यांत बऱ्याचदा साखर असते, मधुमेहींनी लेबल वाचावं.

जिवाणूंसाठी मात्र उसळीकडे वळा. आधी दिवसाला अर्धी वाटी, आठवड्याभराने एक. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्या. गॅस करणाऱ्या शर्करांचा काही भाग त्याबरोबर जातो. एकदम दोन वाट्या खाल्ल्या तर पोट फुगतं, आणि लोक उसळच सोडून देतात.