रेट्रोसाठी मीरो की फिगजॅम?

स्प्रिंट, म्हणजे कामाचा ठरावीक मुदतीचा टप्पा, संपला की रेट्रो होते: काय जमलं, काय चुकलं यावर टीमची चर्चा. एक जण पुण्यात, एक कोल्हापुरात घरून, एक बर्लिनमध्ये, अशा टीमला चिठ्ठ्या लावायला ऑनलाइन भिंत एकच हवी असते. मीरो आणि फिगजॅम या अशाच भिंती.

मीरो २०१९ पर्यंत रिअलटाइमबोर्ड या नावाने ओळखलं जायचं. त्याची मला सर्वांत मोलाची वाटणारी सोय म्हणजे प्रायव्हेट मोड. प्रत्येक जण चिठ्ठ्या लिहितो, पण तो मोड बंद करेपर्यंत एकमेकांचा मजकूर दिसत नाही. आपल्याकडे ‘सर बोलले, विषय संपला’ ही सवय खोलवर आहे. लीडची चिठ्ठी आधी दिसली की ज्युनिअर तिच्याशीच जुळेल असं लिहितात. मजकूर झाकलेला असला की खरं काय ते बाहेर येतं. तयार टेम्प्लेट्सही भरपूर. मात्र फुकट प्लॅनमध्ये संपादन करता येणारे बोर्ड तीनच मिळतात, आणि अवाढव्य कॅनव्हासवर नवखा माणूस हरवतो.

फिगजॅम फिग्मा या डिझाइन टूलवाल्यांनी २०२१ मध्ये आणलं. ते हलकं आणि मोकळं आहे: स्टॅम्प, टायमरसोबत संगीत, मतदान. पाच मिनिटांत कुणीही सरावतो. डिझायनर मंडळी आधीच फिग्मात असतील तर प्रश्नच मिटला. पण चिठ्ठीखाली लिहिणाऱ्याचं नाव आपोआप येतं. ते बंद करायचं आठवणीने सांगा.

टीम नवी असेल, किंवा वरिष्ठांसमोर बोलायला कचरत असेल, तर मी मीरोच घेईन. एकमेकांना नीट ओळखणाऱ्या सहा-सात जणांना फिगजॅम पुरेसं आहे.