गंगापूर रोडवरची लॅब: रक्त छान काढतात, पॅकेज मात्र बघून घ्या

आईच्या पायाला मुंग्या येत होत्या म्हणून व्हिटॅमिनवालं पॅकेज केलं, त्याचा रिव्ह्यू. लॅबचं नाव टाकत नाही. होम कलेक्शन एक नंबर, मुलगा इंदिरानगरला सातच्या आत हजर, आईची नस लवकर सापडत नाही तरी एका टोचणीत काम, रिपोर्ट संध्याकाळी व्हॉट्सॲपवर.

आता पॅकेज. जाहिरातीत सत्तरच्या वर टेस्ट, पण यादी वाचा जरा, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) ही एकच टेस्ट, तिच्यातलं हिमोग्लोबिन, एमसीव्ही, प्लेटलेट सगळं सुटं सुटं धरून आकडा फुगवलाय, लिपिडचं (कोलेस्टेरॉल वगैरे) पण तेच. व्हिटॅमिन बी१२, व्हिटॅमिन डी आणि सीबीसी एवढंच हवं असेल तर तसं मागा, करून देतात, फक्त स्वतःहून सांगत नाहीत.

बी१२ आलं १४८, साधारण २०० च्या खाली कमीच धरतात. लगेच त्यांच्या डाएटवाल्या मॅडमचा फोन, स्पिरुलिना (शेवाळापासून बनवतात ते) घ्या, आमच्याकडे डिस्काउंट आहे. अहो, स्पिरुलिनात असतं ते बहुतेक शरीराला न चालणारं बी१२! आपल्याला चालतं ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यातनं मिळतं, मेथी-पालक ढीगभर खाल्ली तरी नाही. शिवाय आई वर्षानुवर्षं शुगरसाठी मेटफॉर्मिन घेते आणि वर ॲसिडिटीची गोळी, दोन्हींनी बी१२ कमी होऊ शकतं, पण कुठल्या गोळ्या चालू आहेत हे मॅडमनी विचारलंच नाही. आमच्या डॉक्टरांनी पहिलं तेच विचारलं, इंजेक्शनं सुरू केली आणि मेटफॉर्मिन मनाने बंद करायची नाही असा दम पण दिला.

डी पण कमी, १४. त्यावर मॅडमचा सल्ला, सकाळी गॅलरीत कोवळ्या उन्हात बसा. गॅलरीला स्लायडिंगच्या काचा, काचेतून डी बनवणारे किरण जवळपास येतच नाहीत आणि कोवळ्या उन्हात तर ते मुळातच कमी, त्यापेक्षा दुपारच्या आसपास हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ बसलेलं बरं. डीची ६०,००० युनिटची पावडर पण डॉक्टर सांगतील तेवढेच आठवडे घ्यायची, डी अंगात साठतं, जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं. आमच्या बिल्डिंगमधल्या एक काकू ती सरबतासारखी पितात!

कलेक्शनला ५ स्टार, फोनवरच्या सल्ल्याला शून्य. आणि केसांसाठी बायोटिन चालू असेल तर रक्त देण्याआधी सांगा, काही टेस्टचे आकडे त्याने चुकतात, इथे कोणी विचारत नाही.