बंद पडलेल्या शाहिरांच्या शाळेतले साडेचार तास (रविवारचं डी अँड डी सेशन, कोथरूड)

रविवारी मी, माझा भाचा आणि काका असे तिघं इथे गेलो होतो. डी अँड डी म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून, एकेक पात्र होऊन, डाइस टाकत गोष्ट पुढे न्यायचा खेळ. चार ते साडेआठ, वन शॉट सेशन (एका बैठकीत संपणारी गोष्ट), माणशी ५०० रुपये. खेळायचं होतं भाच्याला, काका नुसते सोबत म्हणून आलेले, पण डीएम दादा (गोष्ट सांगून खेळवणारा) म्हणाला काका बसा की, एक खुर्ची रिकामीच आहे, आणि ते बसले म्हणून मी हा रिव्ह्यू लिहितेय.

गोष्ट अशी की सिल्व्हरीमून नावाचं शहर, तिथे फॉक्लुकन ही बार्डांची शाळा. बार्ड म्हणजे आपला शाहीरच समजा, फक्त या खेळात त्याच्या गाण्यात जादू असते. दादाच्या गोष्टीत ती शाळा बंद पडून शंभर वर्षं झालीयेत आणि आम्हाला आत जाऊन एक वाद्य आणायचं, बस एवढंच. मारामारी जेमतेम एकदा झाली, बाकी सगळा वेळ आम्ही रिकाम्या वर्गांतून फिरत होतो. भिंतीवर सात खुंट्या, सहा मोकळ्या, सातवीला बँडोर नावाचं तंतुवाद्य अडकवलेलं, तारा तुटलेल्या. कोनाड्यात हजेरीची वही. पहिल्या पानांवर चाळीस चाळीस नावं, मग बारा, मग चार, आणि शेवटच्या पानावर एकच नाव, त्याच्यापुढे हजर, हजर, हजर. दादाने हे इतकं सावकाश वाचलं की टेबलावर कोणी बोलेचना, माझा तर गळा दाटून आला.

चहाच्या वेळी दादाने सांगितलं की फॉक्लुकन हे नाव त्याचं नाहीये. खेळाच्या १९७८ च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये बार्डांची सात कॉलेजं दिलीयेत, फॉक्लुकन सगळ्यात खालचं आणि ओलाव सगळ्यात वरचं, आणि तेव्हा बार्ड व्हायचं तर आधी फायटर (लढवय्या), मग चोर, एवढं करून मग बार्ड. ही नावं जुन्या आयर्लंडमधल्या कवींच्या सात पायऱ्यांवरून घेतलेली. तिथे खालच्या पायरीच्या कवीला ३० रचना याव्या लागायच्या, ओलावला ३५०! काका एकदम सरसावून बसले. ते लहानपणी गावच्या जत्रेत एका शाहिरांच्या मागे झीलकरी म्हणून उभे राहायचे, हे मला माहीत होतं पण भाच्याला पहिल्यांदाच कळलं.

शेवटचं दार गाण्याशिवाय उघडणार नव्हतं. बाकी ठिकाणी डाइस टाकून काम भागतं, दादा म्हणाला काका तुम्ही खरंच म्हणा. काका उठले, टेबलावर बोटांनी ठेका धरला आणि शाहीर तुळशीदासाचा सिंहगडाचा पोवाडा, जेवढा आठवत होता तेवढा म्हटला. आवाज आता बसलाय त्यांचा, पण ठेका एकदाही हलला नाही. भाचा मागून जी जी रं जी करत होता. दादाने काही न बोलता एक डी सिक्स (सहा बाजूंचा डाइस) काकांसमोर ठेवला, बार्ड आपल्या गाण्याने दुसऱ्याला असा डाइस देऊ शकतो, त्याचा आकडा बेरजेत मिळवायचा, आणि काकांनी तो भाच्याला दिला. दाराच्या आत मोठी भेग होती, भाच्याच्या फायटरला उडी मारायला पंधरा हवे होते, बेरीज आली अकरा. मग काकांचा डाइस टाकला, पाच. अख्खं टेबल ओरडलं.

आता तक्रारी. कॅरेक्टर शीट (आपल्या पात्राची माहिती असलेला कागद) सगळी इंग्लिशमध्ये आणि बारीक अक्षरात, काकांना मी वाचून दाखवत होते. एक पान तरी मराठीत करा, खेळवता मराठीतून तर शीट का नाही? शेजारच्या टेबलचा गोंगाट फार, हजेरीच्या वहीच्या सीनला तर खूपच खटकला. चहा कोमट. टू व्हीलरनेच या, गल्लीत गाडी लावायला जागा नाही. दादाला मात्र पैकीच्या पैकी, इतकं जीव ओतून खेळवणारा मी तरी पुण्यात पाहिला नाही.

घरी आल्यापासून काका वहीत लिहीत बसलेत, आपल्याला पूर्ण येणारे पोवाडे, लावण्या, गवळणी, सगळं. काल रात्रीपर्यंत २३ झाले होते. पुढच्या रविवारच्या तीन खुर्च्या बुक केल्यात.