डीसी क्लॅम्प मीटर आणि 2007 ची गाडी : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या मे महिन्यात घेतलेल्या डीसी क्लॅम्प मीटरविषयी, म्हणजे वायरीभोवती जबडा लावून बॅटरीसारखा एकाच दिशेने वाहणारा (डीसी) करंट मोजणाऱ्या यंत्राविषयी, हे लिहीत आहे. पण ज्या गाडीवर त्याची परीक्षा झाली, तिच्याविषयी आधी दोन शब्द सांगणे भाग आहे. गाडी 2007 सालची, पेट्रोलवर चालणारी, 35 अँपिअर-अवरची बॅटरी बसणारी छोटी गाडी आहे. आमचे घर गोव्यातल्या फोंड्यात. बाजार, मुलीची शाळा आणि संध्याकाळी एखादे देऊळ एवढेच गाडीचे काम असल्यामुळे ती एका वेळी चार किलोमीटरपेक्षा जास्त क्वचितच धावते. तीन वर्षांत दोन बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या. तिसरीही सकाळी सेल्फ मारताना कण्हू लागली, तेव्हा नेहमीच्या गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच निकाल दिला, "पात्रांव, बॅटरी बसली, नवी घाला." ही बॅटरी जेमतेम अकरा महिन्यांची होती. वॉरंटीसाठी दुकानात नेली, तर तिथल्या लोड टेस्टरवर, म्हणजे भार टाकून बॅटरी तपासणाऱ्या यंत्रावर, ती ठणठणीत निघाली आणि मी हात हलवत परत आलो.

घरात अडीचशे रुपयांचा एक पिवळा मल्टिमीटर होता. त्याने मला दोनदा अडचणीत आणले. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर त्याने 13.1 व्होल्ट दाखवले आणि मी खूश झालो. वास्तविक सहा सेलची शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भरलेली असली, तरी विश्रांतीनंतर 12.6 ते 12.7 च्या वर राहत नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवे होते. मीटरच्या आतला 9 व्होल्टचा सेल उतरला की असे स्वस्त मीटर प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवू लागतात. नवा सेल घातल्यावर तीच बॅटरी 12.3 वर आली, म्हणजे ती निम्म्याच्या थोडीशीच वर भरलेली होती. दुसरा प्रसंग माझ्याच निष्काळजीपणाचा. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून, मध्ये मीटर जोडून मी गळती, म्हणजे गाडी बंद असतानाही बॅटरीतून वाहणारा करंट, मोजत असताना घरातल्या कोणीतरी किल्ली फिरवली आणि मीटरचा फ्यूज उडाला. सेल्फ शंभर अँपिअरच्या आसपास खेचतो आणि मीटरचा मार्ग दहा अँपिअरचा असतो, त्यामुळे तो फ्यूज उडाला हेच बरे झाले.

म्हणून वायर न तोडता करंट मोजणारा क्लॅम्प मीटर घ्यायचे ठरवले. घेताना एक गोष्ट पाहणे अत्यावश्यक आहे. बाजारातले बरेच स्वस्त क्लॅम्प मीटर फक्त एसी, म्हणजे घरातल्या विजेसारखा दिशा बदलणारा, करंट मोजतात. डीसीचे व्होल्ट दाखवत असले, तरी जबड्यातून डीसी करंट त्यांना समजत नाही, आणि गाडीसाठी ते निरुपयोगी ठरतात. मीटरवर अँपिअरच्या खुणेजवळ सरळ रेघ व तिच्याखाली तुटक रेघ आहे ना, आणि सर्वांत खालच्या पट्टीत तो 0.01 अँपिअरपर्यंत दाखवतो ना, या दोन बाबी मी तपासल्या. किंमत सव्वीसशे रुपये पडली, म्हणजे नव्या बॅटरीपेक्षा बरीच कमी.

पहिला दोष सापडायला दोन संध्याकाळी लागल्या. बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घेतली, रात्रभर तशीच ठेवली आणि सकाळी 12.6 व्होल्टची खात्री करून घेतली, कारण अर्धवट भरलेल्या बॅटरीवर केलेली पुढची कोणतीही चाचणी व्यर्थ असते. मीटरच्या तारा बॅटरीच्या दोन्ही शिशाच्या खांबांवर धरल्या आणि बायकोला सेल्फ मारायला सांगितले. सेल्फ नेहमीसारखाच रडतखडत फिरला. पण व्होल्टेज 10.9 च्या खाली गेले नाही. इथे मी थबकलो. बॅटरी खरोखर थकलेली असती, तर सेल्फच्या भाराखाली तिचे व्होल्टेज 9.6 च्या खाली कोसळायला हवे होते. बॅटरी ताठ उभी आहे आणि सेल्फ मात्र उपाशी आहे, याचा अर्थ वीज वाटेत कुठेतरी अडत होती. मग मीटरची एक तार निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी थेट इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवली. इंजिन बंद असताना आकडा शून्य. सेल्फ मारताच 2.1 व्होल्ट! या दोन जागांना जोडते ती एक जाड वायर. एका चांगल्या जाड वायरच्या दोन टोकांत, सेल्फचा करंट वाहत असतानाही, 0.2 व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसता कामा नये.

इंजिन चालू करून, हेडलाइट आणि ब्लोअर लावून हेच पुन्हा मोजले. अल्टरनेटरच्या, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी भरणाऱ्या आणि आमच्याकडचे जुने मेकॅनिक ज्याला अजून डायनामोच म्हणतात त्या यंत्राच्या, जाड टर्मिनलवर त्याच्याच धातूच्या अंगाच्या संदर्भात 14.3 व्होल्ट होते आणि बॅटरीच्या खांबांवर 13.2. मधले 1.1 व्होल्ट कुठे गेले? पॉझिटिव्हच्या बाजूला 0.2 सापडले आणि उरलेले 0.9 अर्थिंगच्या, म्हणजे निगेटिव्हच्या, बाजूला. बॅटरीकडून गिअरबॉक्सकडे जाणारी काळी वायर बाहेरून धड दिसत होती. गिअरबॉक्सकडच्या टोकाचे रबर ब्लेडने कापले, तेव्हा आतल्या तांब्याच्या तारांचा हिरवा भुगा हातात आला. निम्म्याहून जास्त तारा लगीपर्यंत, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीपर्यंत, पोहोचतच नव्हत्या. वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस आणि उरलेल्या महिन्यांत दमट, खारी हवा असलेल्या प्रदेशात अठरा वर्षांच्या वायरीचे असे होणे स्वाभाविक आहे. मीटरच्या ओमच्या (रोध मोजण्याच्या) पट्टीवर हीच वायर जवळजवळ शून्य रोध दाखवत होती, हे मुद्दाम नोंदवतो. शाबूत चार तारासुद्धा मीटरच्या क्षुल्लक करंटला पुरतात, सेल्फला पुरत नाहीत. त्यामुळे अशी वायर करंट वाहत असतानाच तपासावी लागते. नवी वायर, लग्या आणि मजुरी मिळून साडेतीनशे रुपये लागले. सेल्फ दुसऱ्या दिवशीपासून नव्या गाडीसारखा फिरू लागला, आणि आधीच्या दोन बॅटऱ्या मी बहुधा विनाकारण भंगारात घातल्या, याची रुखरुख लागून राहिली.

पावसाळ्यात या मीटरचा खरा उपयोग कळला. जबडा बॅटरीच्या निगेटिव्ह वायरीभोवती बाणाची दिशा पाहून लावला, की बॅटरीत करंट जात आहे की बाहेर येत आहे हे चिन्हावरून समजते. गाडी सुरू केल्यावर लगेच 25 अँपिअरच्या आसपास आत जात होते आणि पंधरा मिनिटांत ते दोन-तीनवर उतरले. भरत आलेल्या निरोगी बॅटरीचे वागणे असेच असते. मात्र जुलैच्या एका संध्याकाळी फोंड्याच्या बसस्थानकाजवळ वाहतूक तुंबलेली असताना हेडलाइट, वायपर, ब्लोअर आणि गाडीतला थंड हवेचा एसी एकदम चालू होते. घरी आल्यावर तीच परिस्थिती आयडलवर, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू ठेवून, उभी करून मोजली, तर उणे 4 अँपिअर आले, म्हणजे इंजिन चालू असूनही बॅटरी रिकामी होत होती. अॅक्सिलरेटर किंचित दाबताच चिन्ह पालटले. यात अल्टरनेटरचा दोष नव्हता. आयडलवर तो सावकाश फिरतो आणि त्याची क्षमता तेवढीच असते. चार किलोमीटरच्या फेऱ्या आणि पावसाळी भार यांचा हिशेब जुळत नाही, तेव्हा आठवड्यातून एकदा गाडी पणजीपर्यंत नेऊन आणणे किंवा रात्री चार्जर लावणे एवढेच हाती उरते. मी चार्जर लावतो. तो स्वस्त पडतो.

दुसरा दोष चवथीला उघडा पडला. पेडण्याच्या मूळ घरी गाडी पाच दिवस माडाखाली उभी होती आणि विसर्जनानंतर निघताना किल्ली फिरवली, तर डॅशबोर्डवर दिवासुद्धा लागेना. चुलत भावाच्या गाडीवरून जंपर लावून घरी परतलो. दुसऱ्या दिवशी बॅटरी साडेतीन अँपिअरने, म्हणजे क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याने, सावकाश भरायला लावली. मग जोडून, सगळे दरवाजे बंद करून, बॉनेटचा दिवा काढून अर्धा तास थांबलो, कारण दार उघडल्यावर जागी झालेली यंत्रणा लगेच निजत नाही. क्लॅम्पवर 0.31 अँपिअर आले. सुस्थितीतल्या गाडीत हा आकडा साधारणपणे 0.05 च्या आत असावा. 0.31 म्हणजे दिवसाला सुमारे साडेसात अँपिअर-अवर. पाच दिवसांत 37, आणि बॅटरी 35 ची. माडाखालच्या पाच दिवसांचा हिशेब तंतोतंत जुळला.

म्युझिक सिस्टीमवर माझा संशय होता. तिचा फ्यूज काढला, आकडा हलला नाही. सेंट्रल लॉक, हॉर्न, आतले दिवे असे एकेक फ्यूज काढत गेलो, तरी 0.31 तसेच. फ्यूजपेटीपाशी अडकून पडावे असा हा प्रसंग होता, पण मला गेल्या काही दिवसांतली एक बारीक गोष्ट आठवली. रात्री गाडी चालवताना चार्जिंगचा लाल दिवा पूर्ण विझत नसे. राखेखालच्या निखाऱ्यासारखा मंद दिसत राही, आणि मी त्याला समोरून येणाऱ्या उजेडाचा भास समजत होतो. इंजिन चालू करून मीटर एसी व्होल्टवर ठेवला, तर बॅटरीच्या खांबांवर 0.8 व्होल्ट दिसले, जिथे अर्ध्या व्होल्टच्या खूप खाली असायला हवे. अल्टरनेटरच्या डायोडपैकी, म्हणजे एसीचे डीसी करणाऱ्या एकेरी वाटेच्या भागांपैकी, एखादा निकामी झाला, की त्यातून एसीचा अंश बाहेर येतो आणि गाडी बंद असताना त्याच वाटेने बॅटरी झिरपत राहते. इंजिन बंद केले, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली, अल्टरनेटरचे जाड टर्मिनल वेगळे करून टेपने गुंडाळले आणि निगेटिव्ह पुन्हा जोडली. 0.03! डायोडची प्लेट बदलून घेतली, त्याच हाताने झिजलेले कार्बन ब्रशही.

आता मीटरच्या उणिवा. डीसी अँपिअरचा शून्य स्थिर राहत नाही. जागा बदलली किंवा मीटर थोडा तापला, की 0.02-0.03 चा फरक पडतो, त्यामुळे प्रत्येक वेळी जबडा मिटून, त्याच जागी आणि त्याच दिशेने धरून झीरोचे बटण दाबावे लागते. गळती 0.03 आहे की 0.05, असा बारीक प्रश्न असेल, तर या यंत्रावर विसंबता येणार नाही. कमाल-किमान टिपून ठेवण्याची सोय नसल्याने सेल्फ मारतानाचा क्षणिक उतार डोळ्यांनीच पकडावा लागतो आणि त्यासाठी किल्ली फिरवायला दुसरे माणूस हवे असते. आमच्याकडे हे काम आता मुलगी आवडीने करते. उन्हात पडदा नीट वाचता येत नाही. मीटरच्या तारांच्या टोकदार टोकांवर (प्रोबवर) पावसाळ्यात गंज चढला आणि तो पॉलिश पेपरने काढेपर्यंत आकडे उड्या मारत होते. घडी पडणाऱ्या जागी तारांचे वेष्टण कडक झाले आहे. त्या बदलाव्या लागतील.

बॅटरी तीच आहे. एकदा पूर्ण उतरल्यामुळे तिचे थोडे आयुष्य निश्चितच गेले असावे. रात्रभरानंतर ती पूर्वीच्या 12.6 ऐवजी 12.5 वर थांबते आणि सेल्फ मारताना 10.4 दाखवते. गॅरेजवाल्याने मीटर गेल्या आठवड्यात मागून नेला आहे, आणि अजून परत केलेला नाही.